फुटणाऱ्या वाटा आणि मागे न घेता येणारा निर्णय

१

कथेतील पात्राला निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा वाचक त्या निर्णयाचा साक्षी असतो, भागीदार नसतो. रामाने सीतेचा त्याग केला हे वाचून वाचक हळहळेल, संतापेल, रामाची बाजू मांडेल किंवा त्याला दोष देईल. पण तो त्याग वाचकाने केलेला नसतो. साहित्य आणि नीती यांच्या संबंधाची बहुतेक चर्चा या अंतरावर उभी आहे. संस्कृत काव्यशास्त्राने साधारणीकरणाच्या कल्पनेतून या अंतराचे मूल्य ओळखले. रसिकाला दुःखाचा आस्वाद घेता येतो, कारण ते दुःख त्याचे नसते आणि त्याने कोणाला दिलेलेही नसते. गेल्या चार दशकांत संगणकाच्या पडद्यावर रुजलेल्या एका कथनप्रकाराने नेमके हे अंतर काढून टाकल्याचा दावा केला आहे. तो प्रकार म्हणजे 'व्हिज्युअल नॉव्हेल'. मराठीत त्याला 'दृश्यकादंबरी' म्हणता येईल.

पडद्यावर पार्श्वभूमीचे चित्र, त्यावर उभी केलेली पात्रे, खालच्या चौकटीत संवाद किंवा निवेदन आणि काही ठरावीक टप्प्यांवर वाचकापुढे येणारे दोन-तीन पर्याय, अशी दृश्यकादंबरीची सर्वसाधारण रचना असते. वाचक जो पर्याय निवडेल त्याप्रमाणे कथेला फाटा फुटतो आणि निरनिराळ्या वाटांनी निरनिराळे शेवट गाठले जातात. हा प्रकार मुख्यतः जपानमध्ये वाढला. युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' हा खूनप्रकरणाचा खेळ १९८३ मध्ये आला; चुनसॉफ्ट या कंपनीच्या 'ओतोगिरिसो' (१९९२) आणि 'कामाइताची नो योरू' (१९९४) या कृतींनी गद्यनिवेदनाला प्राधान्य देणारे रूप स्थिर केले. फाटे फुटणाऱ्या कथेची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. बोर्हेसने १९४१ मधील एका कथेत, जिच्यात सर्व शक्यता एकाच वेळी प्रत्यक्षात येतात अशा कादंबरीची कल्पना मांडली. एडवर्ड पॅकर्डच्या 'द केव्ह ऑफ टाइम' (१९७९) या पुस्तकाने मुलांना पान उलटून कथेची दिशा निवडण्याची सवय लावली.

या प्रकाराच्या वतीने असे सांगितले जाते, की येथे वाचक कर्ता होतो आणि म्हणून नैतिक प्रश्न त्याला अधिक जवळून भिडतो. हे म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. निवडीचा अधिकार मिळाला की उत्तरदायित्वही आपोआप येते, हे ते गृहीतक. निवड मागे घेता येत असेल, तर ती घेणाऱ्याकडे कोणते उत्तरदायित्व उरते? आणि फाटा फोडण्याचा अधिकार कथेतील एकाच पात्राच्या हाती असेल, तर बाकीच्यांचे काय? या प्रश्नांचा विचार करताना जपानमधून निघून एकदम आठव्या शतकाकडे वळणे वाचकाला अनपेक्षित वाटेल. पण फुटलेल्या वाटेचा आणि चित्रमय कथेचा इतका सखोल विचार करणारी एक कृती भारतीय परंपरेत आहे, आणि तिच्या कर्त्याचे गाव विदर्भातील मानले जाते.

२

गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पदमपूर हे गाव आहे. भवभूतीच्या नाटकांच्या प्रस्तावनांत त्याच्या पूर्वजांचे नगर म्हणून पद्मपुराचा उल्लेख येतो; वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे हेच गाव, असे प्रतिपादन केले. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमगावातील महाविद्यालयालाही भवभूतीचे नाव आहे. स्थाननिश्चितीचा वाद विद्वानांपुरता ठेवला, तरी एक गोष्ट उरते. या परिसराने ज्या कवीला आपला मानले आहे, तो रामकथेचा शेवट बदलणारा कवी आहे.

'उत्तररामचरित' हे सात अंकांचे नाटक. रामायणाच्या उत्तरकांडात सीता अखेरीस पृथ्वीच्या उदरात जाते; भवभूतीच्या नाटकात ती रामाला परत मिळते. म्हणजे मूळ कथेला एका जागी फाटा फोडून भवभूतीने दुसरा शेवट लिहिला. संस्कृत नाटक शोकान्त असू नये, या संकेताचा हा परिणाम आहे, असे म्हणून ही गोष्ट अनेकदा निकालात काढली जाते. संकेत खराच, पण संकेत पाळण्याच्या निमित्ताने भवभूतीने जे साधले, ते संकेताने स्पष्ट होत नाही. त्यासाठी पहिल्या अंकाकडे पाहिले पाहिजे.

पहिल्या अंकात लक्ष्मण राम आणि सीता यांना एक चित्रमालिका दाखवतो. त्यांचेच पूर्वायुष्य त्यात रंगवलेले आहे: मिथिला, वनवास, पंचवटी. एकेका चित्रापुढे थांबून तिघे बोलतात, हसतात, डोळे पुसतात. चित्र, त्यापुढील संवाद आणि पुढच्या चित्राकडे सरकणारी कथा असा हा घाट आहे. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता विरहाच्या भयाने व्याकूळ होते, तेव्हा हे केवळ चित्र आहे, अशी समजूत राम घालतो. मालिका कोठवर आली आहे, या प्रश्नाला लक्ष्मण उत्तर देतो की सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत. पण तिथपर्यंत पाहणे होतच नाही. माल्यवान पर्वताच्या चित्रापाशी रामाला पूर्वीचा विरह पुन्हा सुरू झाल्यासारखा वाटतो आणि तो पाहणे थांबवतो. जो प्रसंग पाहायला हवा होता, तो न पाहिलेलाच राहतो. आणि पुढचा अनर्थ नेमका त्याच प्रसंगावरील लोकांच्या अविश्वासातून घडतो.

निर्णयाच्या क्षणाची भवभूतीने केलेली मांडणीही तितकीच सूचक आहे. वडीलधारी माणसे ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेलेली आहेत. वसिष्ठ आणि अरुंधतीही तेथेच आहेत. सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपली आहे. दुर्मुख हा हेर लोकापवाद सांगतो आणि राम एकटाच निर्णय घेतो. ज्यांना विचारायचे ती माणसे दूर आहेत. जिच्याविषयी निर्णय घ्यायचा ती झोपेत आहे. वन पुन्हा पाहण्याची सीतेची इच्छा, तिचे डोहाळे, हेच तिला वनात सोडण्याचे निमित्त होते. दृश्यकादंबरीच्या वाचकासमोर पर्याय येतो तेव्हाची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. तोही एकटा असतो आणि ज्यांच्याविषयी निवड करायची ती पात्रे पडद्यावर स्तब्ध उभी असतात.

३

फरक पुढे पडतो. दृश्यकादंबरीच्या वाचकाला निवडीपूर्वीची जागा 'सेव्ह' करून ठेवता येते. परिणाम नको तसा निघाला, तर तो मागे येतो आणि दुसरा पर्याय घेतो. या सोयीमुळे निवडीचे स्वरूपच पालटते. मागे घेता येणारी निवड हा निर्णय नसून चाचणी असते. सीतेला वनात पाठवून काय होते ते पाहू, नाहीतर परत येऊ, असे म्हणणारा राम हा राम उरत नाही. तो जिज्ञासू ठरतो. जिज्ञासा हा दुर्गुण नव्हे. पण जिज्ञासेला पश्चात्ताप होत नाही.

या आक्षेपाला एक समर्थ उत्तर आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. वाचक सर्व वाटा चालून येतो, तेव्हा कोणत्याही एका वाटेने न कळणारे काही त्याला कळते, असे ते उत्तर आहे. एका वाटेवरील खलपात्र दुसऱ्या वाटेवर पीडित म्हणून दिसते; निर्णय घेण्यापूर्वी ज्ञान अपुरे होते, हे उशिरा उमगते. म्हणजे पुनरावृत्ती ही उत्तरदायित्वातून सुटका नसून समज वाढवण्याची रीत आहे. भारतीय परंपरेत याचे रूप वेताळकथांत आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठीत छापून आलेल्या 'वेताळपंचविशी'मुळे ते घरोघरी परिचित आहे. राजा प्रेत खांद्यावर घेतो; वेताळ कथा सांगून पेच टाकतो; उत्तर माहीत असून बोलला नाही तर राजाचे मस्तक फुटेल आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. प्रत्येक योग्य उत्तराचे फळ म्हणजे आरंभाकडे परतणे. हे चक्र थांबते ते अचूक उत्तराने नव्हे, तर शेवटच्या पेचाला राजापाशी उत्तरच नसते तेव्हा. न्याय देणाऱ्याला आपल्या न्यायबुद्धीची मर्यादा कळेपर्यंत पुनरावृत्ती चालते, असा अर्थ या रचनेतून निघू शकतो.

परंतु वेताळकथेत राजा दुसऱ्यांच्या कृत्यांचा निवाडा करत असतो. स्वतः कोणाला दुखावत नसतो. दृश्यकादंबरीत वाचकाने निवडलेल्या वाटेवर कोणीतरी मरते, कोणीतरी फसवले जाते. मागे येताना ते दुःख पुसले जाते आणि पुसल्याचे कोणालाच आठवत नाही. येथे बर्नर्ड विल्यम्स यांनी १९६५ मधील नैतिक सुसंगतीविषयीच्या निबंधात मांडलेला विचार उपयोगी पडतो. दोन कर्तव्ये परस्परांच्या आड आली आणि एकाची निवड योग्य ठरली, तरी दुसरे कर्तव्य रद्द होत नाही. ते खेदाच्या रूपाने मागे उरते. या अवशेषाशिवाय नैतिक पेच हे केवळ गणित होते. दृश्यकादंबरीतील परतीची सोय हा अवशेषच नाहीसा करते, हा तिच्यावरील खरा आक्षेप आहे. पर्याय फार आहेत हा दोष नव्हे. टाकून दिलेल्या पर्यायाची स्मृती कोणी बाळगत नाही, हा दोष आहे.

या प्रकारातील श्रेष्ठ कृतींना हा दोष स्वतःच जाणवलेला आहे, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. 'स्टाइन्स;गेट' (२००९) या कृतीत भूतकाळात संदेश पाठवून घटना बदलता येतात. त्यामुळे एका मैत्रिणीचे मृत वडील जिवंत होतात, इतरांच्या इच्छा पुऱ्या होतात. पण दुसऱ्या एका मैत्रिणीचा मृत्यू अटळ होऊन बसतो. तिला वाचवायचे तर प्रत्येक बदल उलटवावा लागतो, म्हणजे प्रत्येकाला मिळालेले सुख हिरावून घ्यावे लागते. आणि पुसल्या गेलेल्या जगांची आठवण नायकाखेरीज कोणालाच राहत नाही. येथे मागे येणे ही सोय राहत नाही. ते स्वतःच एक कृत्य होते आणि त्याची किंमत पडते. 'अंडरटेल' (२०१५) हा खेळ काटेकोर अर्थाने दृश्यकादंबरी नव्हे. पण त्यात एखाद्या पात्राला मारून वाचक मागे आला आणि दुसऱ्या खेपेस त्याला जीवदान दिले, तरी खेळातील दुसरे एक पात्र त्याला पहिल्या कृत्याची आठवण करून देते. खेळ आरंभापासून पुन्हा सुरू करता येतो, कृत्य मात्र पुसले जात नाही. या दोन्ही कृतींनी स्मृतीला कथेत जागा दिली आणि त्यामुळे त्यांतील निवडीला वजन आले.

४

दुसरा प्रश्न निवडीच्या स्वातंत्र्याचा. वाचकाला पर्याय दिले जातात. परंतु कोणते पर्याय द्यायचे आणि त्यांना कोणते शेवट जोडायचे, हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. १९६७ मध्ये माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनात राडूझ चिंचेरा यांचा 'किनोआवटोमाट' हा चेकोस्लोव्हाक चित्रपट दाखवण्यात आला. ठरावीक प्रसंगी प्रेक्षक कळ दाबून पुढील दृश्य निवडत. पण कोणतीही निवड केली तरी कथा पुन्हा त्याच प्रवाहात येत असे आणि घर जळायचे ते जळतच असे. आभासी स्वातंत्र्यावरचा तो उपरोध होता. दृश्यकादंबरीत वाटा खरोखर वेगळ्या होतात. पण लेखकाचा कौल तेथेही असतो आणि तो शेवटांच्या नावांत दडलेला असतो. एखाद्या वाटेला 'खरा शेवट' म्हटले जाते, एखादीला 'बॅड एन्ड', म्हणजे अशुभ शेवट.

टाइप-मूनची 'फेट/स्टे नाइट' (२००४) ही कृती या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्यात तीन वाटा आहेत आणि त्या ठरलेल्या क्रमानेच खुल्या होतात. सर्वांना वाचवणारा न्यायाचा पाईक होणे, हा नायक शिरो एमिया याचा ध्यास. तिसऱ्या वाटेवर असा प्रसंग येतो की साकुरा या तरुणीला जिवंत ठेवणे म्हणजे साऱ्या नगराला धोक्यात टाकणे. एका बाजूला लोक, दुसऱ्या बाजूला प्रिय व्यक्ती. शिरोपुढे रामाचाच पेच उभा राहतो. नायकाने आदर्शाची बाजू घेऊन साकुराचा बळी देण्याचे ठरवले, तर कथा तेथेच एका बॅड एन्डमध्ये संपते. तिला वाचवायचे ठरवले तरच कथा पुढे जाते. म्हणजे प्रजेसाठी प्रियेचा त्याग करण्याचा रामाचा निर्णय या कृतीने अशुभ शेवटांत जमा केला आहे. पर्याय दोन दिसतात. पण न्यायनिवाडा आधीच झालेला आहे. वाचक निवडत नसतो, लेखकाचे मत ओळखत असतो. आणि चुकीचे ओळखल्यास त्याला मागे पाठवले जाते.

असा कौल देणे गैर नाही. तो झाकणे शंकास्पद आहे. येथे मोक्षपटाशी केलेली तुलना बोधक ठरेल. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या या पटावर खेळणाऱ्याला निवड मुळीच नसते. सोंगटी कोठे जायची ते दान ठरवते. पण साप आणि शिड्या यांचा नैतिक अर्थ पटावर उघड लिहिलेला असतो. कोणत्या दोषाने घसरण होते आणि कोणत्या गुणाने उन्नती होते, हे खेळण्यापूर्वीच वाचता येते. मोक्षपटात स्वातंत्र्य नाही, पण प्रामाणिकपणा आहे; दृश्यकादंबरीत स्वातंत्र्याचे आश्वासन असते आणि नीतिमूल्यांचा पट मात्र उलटा ठेवलेला असतो.

भवभूतीने यांपैकी कोणताच मार्ग घेतला नाही. रामाचा निर्णय योग्य की अयोग्य, याचा निकाल त्याने शेवटाच्या नावाने दिला नाही. त्या निर्णयाच्या परिणामांत बारा वर्षे राहणारी माणसे त्याने एकामागून एक उभी केली. सीता नाही त्या अयोध्येत परतायचे नाही, असा अरुंधतीचा निश्चय आहे. जनक क्रोधाने आणि शोकाने पोळलेला आहे. तिसऱ्या अंकात पंचवटीत वासंती ही वनदेवता रामाला तोंडावर दोष देते आणि त्याच्यापाशी लोकांना ते सहन होत नाही, यापलीकडे उत्तर नसते. सीता तेथेच, गंगेच्या प्रसादाने अदृश्य होऊन, हे सारे ऐकत असते. निर्णय घेणाऱ्यासमोर त्याचा अवशेष इतक्या स्पष्टपणे उभा करणारा दुसरा अंक संस्कृत नाटकात दाखवणे कठीण आहे. निर्णय येथे बरोबर ठरत नाही आणि चूक ठरून पुसलाही जात नाही. तो केवळ सहन केला जातो.

५

तिसरा प्रश्न सर्वांत अडचणीचा आहे. फाटा कोणाच्या हाती असतो? दृश्यकादंबरीच्या परिभाषेत वाटेला 'रूट' म्हणतात, आणि प्रेमकथाप्रधान कृतींत ती वाट बहुधा नायिकेच्या नावाने ओळखली जाते. अमुक नायिकेची वाट पुरी झाली, आता तमुक नायिकेची घ्यावी, अशी ही भाषा आहे. व्यक्ती म्हणजे जिच्यावरून चालायचे ती वाट! नायक निवडतो, नायिका निवडली जाते. तिच्या आयुष्याचे काय होणार, हे तिच्यापुढे कधी न आलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. नैतिक निवडीचे शिक्षण देणाऱ्या कथनप्रकाराच्या मुळाशीच ही विषमता असावी, ही चिंतेची बाब आहे.

पण ही विषमता केवळ संगणकाची देणगी नव्हे. भवभूतीने सीतेला सुखान्त शेवट दिला, तेव्हा तिच्याकडून काही काढूनही घेतले. उत्तरकांडातील सीतेला पुन्हा शुद्धी सिद्ध करण्यास सांगितले जाते, तेव्हा ती पृथ्वीला साक्षी ठेवून निघून जाते. तो तिचा नकार आहे. त्या कथेत तिच्या वाट्याला आलेला जवळजवळ एकमेव स्वतंत्र निर्णय. भवभूतीच्या सातव्या अंकात अरुंधती लोकांना विचारते, लोक वंदन करून संमती देतात, राम स्वीकार करतो. सीतेला कोणी विचारत नाही. शुभ शेवटाने तिचे सुख परत आणले, पण तिचा नकार नाहीसा केला. दुसऱ्या अंकातील शंबूकाची गोष्ट तर अधिकच कठोर आहे. तप करणाऱ्या त्या शूद्राला मारताना राम स्वतःच्या उजव्या हाताला उद्देशून बोलतो. सीतेला घालवणाऱ्या हाताला करुणा कोठली, असा त्या बोलण्याचा भाव आहे. भवभूतीला ते कृत्य सलते, हे उघड आहे. तरीही त्याने त्या जागी फाटा फोडला नाही. शंबूक मारला जातो, दिव्यरूपाने प्रकटतो आणि मारणाऱ्याविषयी कृतज्ञता व्यक्त करतो. सीतेसाठी रामकथेचा शेवट बदलणारा कवी शंबूकासाठी ती बदलत नाही. कोणाच्या दुःखासाठी कथेला दुसरी वाट फोडायची आणि कोणाच्या दुःखाला केवळ दिव्यत्वाची भरपाई द्यायची, हा निर्णय कवीचा आहे आणि तोही नैतिक निर्णयच आहे.

कथेत ज्यांना फाटा मिळाला नाही, त्यांनी तो अन्यत्र शोधला, याची साक्ष लोकपरंपरा देते. जात्यावरच्या ओव्यांत महाराष्ट्रातील स्त्रियांनी सीतेचा वनवास आपलाच म्हणून गायिला. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. परित्यक्ता सीतेने तेथे मूठभर गहू मागितले, गावाने ते नाकारले आणि तिच्या शापाने तेथे गहू पिकेनासा झाला, अशी कथा सांगतात. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्या मंदिराच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला. रावेरीच्या कथेत सीता वाट नाही. ती शाप देणारी, म्हणजे परिणाम घडवणारी कर्ती आहे. मुख्य संहितेने जो पर्याय दिला नाही, तो लोकांनी संहितेबाहेर लिहिला.

संगणकावरील कथनातही असा प्रयत्न झालेला आहे. कोलकात्यातील कलावंत लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये 'मिसिंग' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळणाऱ्याने पळवून नेलेल्या, देहविक्रयात ढकललेल्या मुलीची भूमिका घ्यायची असते. पर्याय तिच्या हाती येतात. पण ते किती थोडे आणि किती धोक्याचे असतात, हेच त्या खेळाचे सांगणे आहे. निवडीच्या विपुलतेतून नव्हे, तर तिच्या टंचाईतून येथे नैतिक बोध होतो. पर्याय असणे हीच मुळात सत्तेची खूण असते, हे सत्य नायकाच्या हाती सर्व वाटा देणाऱ्या कृतींना सांगता येत नाही.

६

हा तर खेळ आहे. चित्रांना काय दुखावणार, असा एक आक्षेप या साऱ्या विवेचनावर घेतला जाईल. दृश्यकादंबरीतील कोणतेही पात्र जगात नसते, तेव्हा त्याच्याविषयीच्या निवडीला नैतिक म्हणणेच अतिशयोक्त आहे, असा त्याचा तर्क. या आक्षेपाचे उत्तर 'उत्तररामचरिता'च्या रचनेतच आहे. पहिल्या अंकात भ्यालेल्या सीतेला राम सांगतो की हे चित्र आहे. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा सादर करतात आणि राम प्रेक्षकांत बसलेला असतो. त्यागानंतर सीतेचे काय झाले, तिने गंगेत कशी उडी घेतली, मुलांचा जन्म कसा झाला, हे तो प्रथमच पाहतो. तो धावून जाऊ पाहतो, तेव्हा लक्ष्मण त्याला सांगतो की हे नाटक आहे. ज्याने दुसऱ्याला 'केवळ चित्र' म्हणून धीर दिला, त्यालाच शेवटी 'केवळ नाटक' म्हणून सावरावे लागते. आणि तो सावरत नाही, मूर्च्छित होतो. साधारणीकरणाचे अंतर त्याच्यापुरते तुटते, कारण ते दुःख त्याने दिलेले आहे. जो कर्ता आहे, त्याला प्रेक्षक होण्याची सोय नसते.

वाचकाला कर्ता करू पाहणाऱ्या कथनप्रकाराने यातून घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. कर्तेपण पर्यायाच्या क्षणी सिद्ध होत नाही. आपल्या निवडीने दुसऱ्याच्या आयुष्यात काय घडले, हे पाहण्याच्या क्षणी ते सिद्ध होते. वाल्मीकी रामाला निर्णयापूर्वीच्या जागी परत नेत नाही. सीता परत येते, पण बारा वर्षे परत येत नाहीत. लव आणि कुश यांचे बालपण पित्याविना सरले ते सरलेच. भवभूतीचा दुसरा शेवट निर्णय मागे घेत नाही. निर्णय घेणाऱ्याला त्याच्या परिणामांपुढे आणून बसवतो. म्हणून तो सुखान्त असूनही सोपा नाही.

आणखी एक भेद नोंदवला पाहिजे. राम ते नाटक एकटा पाहत नाही. ज्यांच्या बोलण्यामुळे त्याग घडला, ते लोकही प्रेक्षकांत आहेत. दोषाचा वाटा त्यांच्याकडेही आहे आणि तो त्यांना सर्वांदेखत पाहावा लागतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धानाच्या कापणीनंतर आजही रात्रभर नाटके चालतात. गाव एकत्र बसून पाहते आणि पात्रांच्या बऱ्यावाईटाचा निवाडा दुसऱ्या दिवशीही चालू राहतो. त्याच गावांतील तरुण हातातील मोबाइलवर फाटे फुटणारी कथा वाचतो, तेव्हा तो एकटा निवडतो, एकटाच मागे येतो, आणि टाकून दिलेल्या वाटेची चर्चा कोणाशी होत नाही. माध्यम बदलले याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच, की या एकांतात साक्षी कोण? कृतीने स्वतः साक्ष ठेवली नाही, तर ती कोणीच ठेवणार नाही.

तिसऱ्या अंकाच्या अखेरीस तमसा या नदीच्या तोंडी भवभूतीने करुणरसाविषयीचा आपला सिद्धान्त घातला आहे. भोवरा, बुडबुडा, लाट ही रूपे निराळी, पाणी एकच. फाटे फुटणाऱ्या कथेची नैतिक कसोटीही याच दृष्टान्तातून सांगता येईल. वाटा कितीही असोत. एका वाटेवर कोणाला झालेले दुःख दुसऱ्या वाटेच्या तळाशी पाण्यासारखे वाहत असले पाहिजे. ते जेथे आटते, तेथे निवड उरते आणि नीती संपते.